युगांडाची रंगीत तालीम

आमच्या समोरच्या चौगुले आप्पांना कुणी लग्नाची पत्रिका दिली, की ते त्या लग्नाला दोनदा जातात. एकदा लग्नाच्या दिवशी आणि एकदा आदल्या दिवशी. आदल्या दिवशी कार्यालयात खुर्च्याही मांडलेल्या नसतात. आचारी कांद्याच्या पोत्यावर डुलक्या घेत असतो. आप्पा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून हजर. गाडी कुठं लावायची, वहाणा कुठं सोडायच्या, कुठल्या पंख्याखाली बसायचं, जेवणाची रांग कुठल्या दारानं आत जाणार, हे सगळं बघायचं, आचाऱ्याला उठवून "उद्या मीठ बेतानं" असं बजावायचं आणि घरी यायचं. कुणी हसलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. "आदी बघून ठेवल्यालं बरं असतंय."

एकदा त्यांची दाढ काढायची होती. आदल्या दिवशी दवाखान्यात गेले, खुर्चीत आडवे झाले, आ केला. डॉक्टरांनी हातात पकड घेतल्यावर उठून बसले. "आज न्हाई वो. आज नुसतं बघाय आलोय." मयताची तेवढी तालीम करता येत नाही, याची आप्पांना मनापासून खंत असावी.

हा स्वभाव त्यांनी नोकरीतून घरी आणला असं माझं मत आहे. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत त्यांचा उभा जन्म गेला. तिथं म्हणे साच्यात लोखंडाचा रस ओतला की संपलं, नंतर हळहळून उपयोग नाही. म्हणून ओतायच्या आधी साचा पुन्हा पुन्हा बघायचा. मंगळवार पेठेत आमची घरं समोरासमोर आहेत, आणि आमच्या गच्चीवरून त्यांचं अंगण आणि स्वयंपाकघराची खिडकी सरळ दिसते. मी काही मुद्दाम बघतो असं नाही, पण मला बहुतेक सगळं माहीत असतं.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी आप्पांना दुर्बीण दिली. इतरांना घड्याळ मिळतं, यांना दुर्बीण का, ते साहेबांनाच ठाऊक. वस्तू फुकट जाऊ नये म्हणून आप्पा पक्षी बघायला लागले आणि पुरते नादावले. पहाटे रंकाळा, नाहीतर कळंब्याचा तलाव. येताना गवळ्यांच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. घरी आले की अंगणात बायकोसमोर, म्हणजे आमच्या मंगलकाकूंसमोर, उभे राहून हातवारे करायचे. मान वळवायची, कोपरं फडफडवायची, एका पायावर तोल सांभाळायचा. बरेच दिवस मी समजत होतो, की हा दूध पचवायचा व्यायाम आहे.

मंगलकाकूंचा आवाज खणखणीत आहे, पण त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही. "घणाच्या आवाजात जलम काढला मी, आन कान गेलं हिचं," आप्पा म्हणतात. कानातलं यंत्र आणलेलं आहे. ते देव्हाऱ्याजवळच्या डबीत असतं, कारण "घातलं की कानात कावळं भांडत्यात." त्यामुळं घरातली ऐकण्याची कामं सगळी आप्पांकडं. दाराची बेल, भाजीवालीची हाळी, फोन आणि कुकरच्या शिट्ट्या. शिटी झाली की आप्पा असतील तिथून उठून स्वयंपाकघराच्या दारात जातात आणि एक बोट वर करतात. दुसरीला दोन, तिसरीला तीन. तिसऱ्या बोटाला काकू गॅस बंद करतात. मी एकदा आप्पांशी महत्त्वाचं बोलत असताना ते दोनदा उठून गेले तेव्हा मला राग आला होता.

आणि या माणसानं युगांडाला जायचं ठरवलं.

झालं असं, की कुणीतरी त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. तो घेऊन आप्पा माझ्याकडं आले. दलदलीतल्या गवतात एक राखाडी पक्षी उभा होता. उंची एखाद्या शाळकरी पोराएवढी, आणि तोंडावर चोचीच्या जागी जे काही होतं ते बघून मला आधी हसू आलं, मग जरा भीती वाटली.

"देवानं कोल्हापुरी वहाण उलटी करून थोबाडावर बसवलीया का न्हाई?" आप्पा म्हणाले.

मी बघत राहिलो. पक्षी हलेना. "व्हिडिओ अडकला वाटतं," मी म्हणालो.

"अडकला न्हाई. त्यो असाच हाय. नुसता उभा."

आप्पांनी त्याचं नाव ठेवलं वहाणचोच्या. पुण्याचं एक पक्षीवाल्यांचं मंडळ त्याला बघायला युगांडाला निघालं होतं आणि त्यांच्याकडं एक जागा उरली होती. ती आप्पांनी घेतली. त्या दिवसापासून आप्पांची झोप उडाली, आणि पाठोपाठ माझीही.

कारण मी शाळेत भूगोल शिकवतो. मी स्वतः गोव्याच्या पलीकडं गेलेलो नाही, पण आप्पांच्या लेखी युगांडा म्हणजे माझ्या हाताखालचा तालुका. रोज एक नवी काळजी घेऊन ते दारात उभे.

"सर, विषुववृत्तावरनं गाडी जाताना हिसका बसतोय काय?"

"सर, तितं माझ्या बीपीच्या गोळीची सकाळ कवा धरायची? आपल्या सकाळची का त्यांच्या?"

"तितल्या माणसाला पावणं म्हटल्यालं चालतंय काय?"

"पावणं तर तुम्हीच असणार की आप्पा तिथं," मी म्हणालो.  आयुष्यभर दुसऱ्याला पावणं म्हटलेला माणूस तो. ही बाजू त्यांनी बघून ठेवलेली नव्हती.

मग तालमी सुरू झाल्या. तिकडं जायला पिवळ्या तापाची लस लागते, तिच्यासाठी आप्पा पुण्याला गेले. अर्थात आदल्या दिवशी जाऊन रांग बघून आले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत इतरांना वाट दाखवत होते. तिकडं शिजवलेली कच्ची केळी खातात असं कळल्यावर काकूंनी केळी उकडली. आप्पा ती डोळे मिटून औषधासारखी गिळायचे. मलाही वाटी यायची. काकूंनी एकदा मला गुपचूप वर तांबडा रस्सा ओतून दिला, तेव्हा कुठं घास उतरला. रात्री आप्पा मच्छरदाणीत बूट घालून झोपत, कारण तंबूतून ऐन वेळी उठावं लागलं तर पायात काहीतरी असावं.

सिंह समोर आला तर पळायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं, असं मंडळानं कळवलं होतं. आता कोल्हापुरात सिंह कुठून आणायचा? आप्पांनी सिंहाच्या जागी म्हशी धरल्या. सकाळी कट्ट्याकडं म्हशींचा तांडा निघाला की आप्पा रस्त्याच्या मधोमध ताठ उभे राहायचे. म्हशी बिचाऱ्या बगल देऊन जायच्या. मागच्या स्कूटरवाल्यांची भाषा मात्र सिंहाला शोभेल अशी होती.

या सगळ्यात काकू कुठं, असं तुम्ही विचाराल. आप्पांनी त्यांना चला म्हणून विनवलं होतं. काकूंनी साफ सांगितलं, "मला इमानात बसायचं न्हाई, पाय सुजत्यात. तुमी बघून या, आन मला दावा." जयसिंगपूरला दिलेली लेक म्हणाली, आईला माझ्याकडं ठेवा. त्यावर काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "ठेवायला मी काय बोचकं हाय? मी माझ्या घरात ऱ्हातो!"

दिवस जवळ आले तसे आप्पांचे प्रश्न बंद झाले. हे जास्त काळजीचं होतं. ते नुसते येऊन बसायचे, चहा गार करायचे आणि जायचे. आणि नेमका तेव्हाच चौकात फ्लेक्स लागला.

आमच्याकडं माणूस परगावी नोकरीला लागला तरी फ्लेक्स लागतो, मग युगांडाचं काय विचारता! "पक्षीमित्र मा. चौगुले आप्पा यांना युगांडा दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक, समस्त गल्ली." कडेनं सिंह, शहामृग आणि खाली दोन पेंग्विन. "पेंग्विन कशाला?" म्हणून मी तालमीच्या (ही कुस्तीची तालीम, आमच्या गल्लीचं मंडळ) अध्यक्षांना विचारलं. "जागा उरली हुती, सर," ते म्हणाले. मधोमध आप्पांचा फोटो होता, तो निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात भलामोठा हार घातलेला. बघणाऱ्यांची नजर आधी हारावर जायची. एक जुना ओळखीचा माणूस चौकात गाडी थांबवून हळहळत पाठमोऱ्या आप्पांनाच विचारू लागला, "कवा गेलं वो?"

आप्पा वळले. "गेलो न्हाई अजून. पुढच्या आठवड्यात जाणार."

त्या संध्याकाळी आप्पा माझ्याकडं आले ते पांढरेफटक. "सर, मी रद्द करणार हुतो. उद्याच फोन लावणार हुतो पुण्याला. तवर ह्यांनी ह्ये टांगलं. आता म्हागं फिरलो तर गल्ली म्हणंल, आप्पा सिंहाला भ्याला."

"मग सिंहाला नाही तर कशाला भ्यालात?"

"सिंहाला कोण भितंय? सिंह दिसतोय तरी! हितं दाराला कोण येऊन उभं ऱ्हायलं, दूध उतू गेलं, गॅस चालू ऱ्हायला, हिला काय कळणार? ही म्हणती मी ऱ्हातो. कशी ऱ्हाणार?"

"मग मुळात ठरवलंत कशाला?"

 "सकाळी अंगणात मी काय करतो, ते तुमी बघता न्हवं?"

मी बघत नाही, मला दिसतं, असं मी म्हणालो.

"हिला पाखरांचं लई याड. नवं लगीन झाल्यालं तवा पहाटं भारद्वाज घुमाय लागला की मला हलवायची, ऐका की म्हणून. मी फाउंड्रीतनं दमून आल्याला. म्हणायचो, झोप गप. आता मला ऐकाय वेळ हाय, तर हिचं कान न्हाईत. म्हणून रोज बघून येतो आन करून दावतो. पर कोकीळ कशी करून दावणार, सर? मान वर करायची आन तोंड उघडायचं, बास. निम्मं पाखरू आणून देतोय मी हिला. निम्मं तितंच ऱ्हातंय." मग मोबाईलकडं बोट करून म्हणाले, "ह्यो एकटा असा हाय, गप उभा ऱ्हातोय. लई झालं तर मान खाली घालून नमस्कार करतोय म्हणं. ह्यो मला अख्खा आणता यील."

 वाईट वाटलं, आणि तो व्यायाम समजून मी बायकोबरोबर हसायचो ते आठवून जास्तच वाईट वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी निरोपाची तालीम झाली. हो, निरोपाची! उद्याची तीच सकाळची गाडी, तोच फलाट, त्याच बॅगा. मी शाळेतून अर्धी रजा काढली होती. फलाटावर आप्पा आम्हाला सूचना देत होते. "रडायचं आसलं तर आजच रडून घ्या. उद्या गडबड हुईल."

काकूंनी ओठ वाचले. "मला कशाला रडू यील? चार दिस घर तरी शांत ऱ्हाईल."

"घर तुला शांतच हाय की गं," आप्पा पुटपुटले, पण ते काकूंकडं पाठ करून.

मग बॅगा सीटखाली बसतात की नाही ते बघायला आप्पा डब्यात चढले. सीटखाली वाकून त्यांचं मापं घेणं चालू होतं, आणि गाडी हलली. मी ओरडलो. आप्पा दारात येईपर्यंत गाडीनं वेग धरला होता. "उडी मारू नका!" मी आणखी ओरडलो. दांडीला धरून आप्पा काहीतरी ओरडत होते, पण चाकांच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही. मग त्यांनी मोकळा हात उंच करून तीन बोटं दाखवली. तीन बोटं दाखवत दाखवत आप्पा फलाटाबाहेर गेले.

 तीन म्हणजे काय? तीन वाजता? तिसरा डबा? काकू मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"भाताला तीन शिट्ट्या घे म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "तुमी जावा शाळंला. मी जातो घरला."

आणि रिक्षात बसून, रिक्षावाल्याला सबंध स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात पत्ता सांगून, त्या खरंच गेल्या.

जयसिंगपूरहून आप्पांचा फोन आला. तिकीट तपासनिसाला त्यांनी तालमीची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली होती आणि त्यानं कंटाळून त्यांना उतरवून दिलं होतं. "सर, एक काम करा. हिला सांगा, मी लेकीकडं थांबलोय, सांजच्याला यील. मी आत्ताच यालोय एस्टीच्या लाल गाडीनं, पर तुमच्याकडं. आयतीच तालीम व्हायली. मी नसताना ही कशी ऱ्हाती, आदी बघून ठेवल्यालं बरं."

मी उरलेल्या अर्ध्या दिवसाचीही रजा टाकली, काकूंना कागदावर लिहून निरोप दाखवला आणि घरी येऊन गच्चीचं दार उघडं ठेवलं. दुपारी आप्पा बॅगा सांभाळत मागच्या बोळानं आले, जिन्यात वहाणा सोडल्या आणि कठड्याआड बसून दुर्बीण डोळ्याला लावली. रंकाळ्यावर पक्षी बघणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी बघत होता. 

"भाजीवाली आली. दारात उभी हाय. हाळी देत्या. बघा, कळलं न्हाई. कळलं न्हाई हिला! मी जातो." मी त्यांचा शर्ट धरला. तेवढ्यात भाजीवालीची सावली उंबऱ्यातून आत पडली आणि काकू वळल्या. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, एक परत दिली. दूध गॅसवर होतं तोवर त्या तिथून हलल्या नाहीत. मग कुकर चढला.

पहिली शिटी गल्ली ओलांडून आमच्या गच्चीवर स्पष्ट ऐकू आली. आप्पांचं बोट आपोआप वर गेलं. माझ्या गच्चीवर, कठड्याच्या आड, कुणालाही न दिसणारं. समोरच्या खिडकीत काकू कुकरकडं बघत उभ्या होत्या. वाफ उडाली तशी त्यांनी स्वतःशीच एक बोट मोजलं. मग दुसरं. तिसऱ्याला गॅस बंद केला.

आप्पांनी दुर्बीण खाली घेतली. "सर, हिला शिटी दिसती."

"दिसणारच की. वाफ येते, वरचं वजन नाचतं."

"मग मी इतकी वर्षं बोटं कशाला दावत हुतो?"

मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. उद्या निर्धास्त जा, असं मी म्हणणार होतो. पण त्यांचा चेहरा बघितला. निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात तो हार असतानासुद्धा, त्यांचा चेहरा इतका पडलेला नव्हता. "माझ्याबिगार चालतंय की हिचं," ते म्हणाले.

तेवढ्यात काकू अंगणात आल्या. पदराला हात पुसले, सरळ आमच्या गच्चीकडं मान वर केली आणि हात उंच करून तीन बोटं दाखवली.

"तीन झाल्या!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. "या आता जेवायला! आन सरांच्या जिन्यात वहाणा अशा सोडू नगा, कुत्रं न्हील!"

आप्पा धडपडत जिना उतरले. दुर्बीण माझ्याच गच्चीवर राहिली. ती मला रात्री त्यांच्या बॅगेवर नेऊन ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशी ते गेले. पोरांनी हलगी वाजवली, काकूंनी दारातच ओवाळलं. स्टेशनवर कुणी यायचं नाही असं आप्पांनीच बजावलं होतं, तो भाग झाला म्हणाले. ते परत येईपर्यंत मी रोज काही ना काही कारण काढून काकूंच्या दारात जाऊन येत होतो. आप्पांची काकूंबद्दलची काळजी आता मला लागली होती, आणि ती त्यांच्यापेक्षा मला कमी जमत होती.

आप्पा परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात वहाणचोच्याचा कार्यक्रम झाला. निम्मी गल्ली जमली होती. तालमीचे अध्यक्ष पुढं खुर्ची टाकून बसले होते. काकू पायरीवर, स्वयंपाकघराकडं पाठ करून. आप्पा मधोमध आले, हनुवटी छातीला टेकवली, हात अंगाला चिकटवले आणि उभे राहिले.

उभेच राहिले. लोक वाट बघत होते. कुणीतरी खोकलं. "म्होरं काय?" अध्यक्षांनी विचारलं.  हळूहळू माणसं आपापल्या कामाला निघून गेली, अध्यक्ष खुर्ची उचलून गेले. काकू एकटक बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी गच्चीवरूनही न बघितल्यासारखं केलं.

तेवढ्यात आत कुकरची शिटी झाली. मी ऐकली, आप्पांनीही ऐकली. पण वहाणचोच्या हलत नसतो, आप्पाही हलले नाहीत. फक्त त्यांचे डोळे क्षणभर दाराकडं गेले.

काकूंनी मागं वळून बघितलं नाही. त्या आप्पांच्या डोळ्यांकडं बघत होत्या. त्यांनी एक बोट वर केलं.

आप्पांनी सावकाश मान खाली घालून त्यांना नमस्कार केला.